सर्वांत लहान क्षण



आम्ही गिरणी कामगार. भोंग्यानंतर पाच मिनिटं उशीर झाला की अर्धी हजेरी जायची. तेव्हा वाटायचं, काळाचा सर्वांत लहान तुकडा केवढा असेल? विज्ञानात प्लँक काळ आहे : सेकंदाच्या दशांश चिन्हापुढे ४३ शून्यं, मग ५. त्याच्या आत 'आधी-नंतर' याला अर्थ उरतो का, हे अजून कोणी मोजलेलं नाही. एवढ्या सूक्ष्म काळाचा हिशेब महास्फोटापाशी लागतो. शिरपूरला १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर यांचं गणित सांगतं, त्याआधीही विश्व असावं.

हे बुद्धांनी आधीच सांगितलं होतं, असं आम्ही म्हणणार नाही. सगळं बदलतं, हे त्यांनी शिकवलं; आणि तपासल्याशिवाय मानू नका, हेही. राजगुरुनगरची आपली पोरं तपासणारी व्हावीत. जयभीम!