स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची अखेरची सेवा



वृद्धाश्रम हा शब्द आपल्या परभणी जिल्ह्यात अजूनही दबक्या आवाजात उच्चारला जातो. शासनाने १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना हाती घेतली. पुढे २००७ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निदान एक आश्रम असावा अशी तरतूद झाली. निवाऱ्याचा विचार झाला तो असा. परंतु त्या निवाऱ्यात राहणारा माणूस आपली स्मृतीच हरवून बसला, तर त्याचे शेवटचे दिवस कसे जावेत आणि ते कोणी ठरवावे, याविषयी आपण क्वचितच बोलतो.

आपण ज्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतो, तो पुष्कळदा मेंदूचा, उत्तरोत्तर वाढत जाणारा आणि अखेरीस प्राण घेणारा आजार असतो. देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना तो असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळले, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

या आजाराची अखेर कशी होते, ते बऱ्यापैकी ठाऊक आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरात आजाराच्या शेवटच्या टप्प्यातील ३२३ आश्रमवासीयांची १८ महिने पाहणी झाली. तिचा वृत्तांत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले. शेकडा ८६ जणांना खाण्यागिळण्याची अडचण आली, ४१ जणांना न्यूमोनिया झाला. पुढे काय होणार हे ज्यांच्या नातेवाइकांना नीट समजले होते, त्या रुग्णांच्या वाट्याला अखेरच्या दिवसांत त्रासदायक उपचार कमी आले.

घास गिळता येईनासा झाला की नाकातून नळी घालण्याचा आग्रह होतो. आपल्याकडे अन्न देणे हा धर्म, त्यामुळे हा आग्रह समजण्याजोगा आहे. परंतु या अवस्थेत नळीने आयुष्य वाढल्याचा वा ठसका टळल्याचा पुरावा मिळालेला नाही. उलट, नळी उपसू नये म्हणून रुग्णाचे हात बांधण्याची पाळी येते. मऊ भात, पेज, चमचाभर पाणी, बसवून आणि सावकाश, घेईल तेवढेच देणे, हे अधिक हिताचे असे तज्ज्ञ सांगतात. त्यास वेळ लागतो. आणि वेळ देणारे माणूस ठेवणे हाच आश्रमांपुढील खरा प्रश्न होय.

आता कायद्याकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी, बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार नाकारण्याचे पूर्वनिर्देशपत्र मान्य केले. त्याची पद्धत फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुलभ करण्यात आली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरेशी आहे. पत्राची एक प्रत नगरपालिकेकडे वा पंचायतीकडे द्यावयाची, आणि त्या संस्थेने ती सांभाळण्यासाठी अधिकारी नेमावयाचा. उपचार थांबविण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांची दोन मंडळे पाहूनच होतो. सुई टोचून जीव घेणे हा पूर्वीही गुन्हा होता व आजही आहे.

हे पत्र शुद्धीत असणाऱ्यानेच करावयाचे असते. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत सारी अडचण येथे आहे, कारण माणूस बोलू शकतो तेव्हा विषय अशुभ वाटतो आणि विषय अटळ होतो तेव्हा माणूस बोलू शकत नाही. म्हणून निदान झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच विचारले पाहिजे. विचारणारा आश्रमाचा व्यवस्थापक असला तरी त्याने स्वतःचे नाव निर्णय घेणारा म्हणून घालू नये. खर्च वाचविण्यासाठी सही घेतली गेली, असा संशयही येता कामा नये.

ज्यांची ती वेळ निघून गेली, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. नातेवाईक, डॉक्टर आणि रोज अंग पुसणारी सेविका यांनी एकत्र बसून कागदावर लिहावे. दर तापाला रुग्णालयात हलवावयाचे, की येथेच उपचार करावयाचे? हे ठरलेले नसेल, तर मध्यरात्री १०८ ची गाडी येते आणि ज्याला आपला मुलगाही ओळखू येत नाही तो वृद्ध परभणीहून नांदेडला अनोळखी खाटेवर जातो. वेदना झाल्यास काय द्यावयाचे, हेही लिहावे. मॉर्फिन मिळविण्याचे नियम २०१४ च्या दुरुस्तीने सोपे केलेले आहेत. या कागदाला मुद्रांकाची गरज नाही.

लहान गोष्टीही त्यात याव्यात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आजचे काही अतिवृद्ध उर्दूत धुळाक्षरे शिकलेले आहेत. कोणाची मायबोली बंजारा आहे. नंतर शिकलेली भाषा आधी विसरते, हे ठाऊक नसल्यास म्हातारा बरळतो असे वाटते. जनाबाईंच्या गंगाखेडकडील आजीला नातवाचे नाव आठवत नसले तरी जात्यावरची ओवी आठवू शकते. दहन की दफन, आणि खबर कोणाला द्यावयाची, हेही विचारून ठेवावे.

केरळने २००८ साली उपशामक सेवेचे धोरण आखले आणि पंचायतींमार्फत परिचारिका घरोघर पोचविल्या. आपल्या ग्रामपंचायतींना आरंभ याहून लहान करता येईल. ज्या गावाच्या हद्दीत आश्रम आहे, तेथे पूर्वनिर्देशपत्रांची नोंदवही ठेवावी, आणलेल्या प्रतीची पोच द्यावी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली झाली की ती वही कोणत्या कपाटात आहे, हे कार्यभार सोपविताना लेखी सांगावे.