गोवळकोंड्याचा राजा आणि बत्तीस सावल्या

आज ज्या बॅलेविषयी बोलायचे आहे त्याच्या नावातच आपल्या किनाऱ्याचा वास आहे. 'ला बायादेर' हे नाव फ्रेंच वाटते. पण त्याचे मूळ पोर्तुगीज 'बायलादेइरा' या शब्दात आहे. बायलादेइरा म्हणजे नाचणारी. गोव्यातल्या देवळांपुढे नाचणाऱ्या स्त्रियांना पोर्तुगीज याच नावाने ओळखत. तो शब्द फ्रेंचांनी उचलला आणि तिथून तो रशियात गेला. ४ फेब्रुवारी १८७७ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या रंगमंचावर एकातेरिना वाझेम ही नर्तिका 'बायादेर' होऊन उभी राहिली. नृत्यरचना मारियुस पेतिपाची, संगीत लुडविग मिंकुसचे. पेतिपा मूळचा मार्सेयचा. त्याने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता, आणि पाहायची त्याला गरजही वाटली नसावी.

कथा थोडक्यात अशी. निकिया ही देवळातली नर्तिका. सोलोर या योद्ध्याने पवित्र अग्नीसमोर तिच्या प्रेमाची शपथ घेतली आहे. देवळाच्या मुख्य ब्राह्मणाचाही तिच्यावर डोळा आहे. राजा आपली मुलगी गमझात्ती सोलोरला देऊ करतो आणि हे महाशय नाही म्हणू शकत नाहीत. निकियाला फुलांच्या परडीतून साप पाठवला जातो. ब्राह्मण उतारा पुढे करतो, पण अट अशी की तू माझी हो. ती सोलोरकडे बघते. तो राजकन्येबरोबर निघालेला असतो. ती उतारा घेत नाही.

आता हा राजा कुठला? तर गोवळकोंड्याचा! गोवळकोंडा म्हटले की आपल्याला कुतुबशाही आठवते, सुलतान आठवतो. पण युरोपला गोवळकोंडा म्हणजे हिरे, बाकी चौकशी कोण करतो? रंगमंचावर अग्नीभोवती फकीर उड्या मारत असतात. सोन्याचा रंग फासलेली एक मूर्ती जिवंत होऊन गिरक्या घेते. ही मूर्ती पेतिपाचीही नाही, १९४८ मध्ये लेनिनग्राडच्या निकोलाय झुबकोव्स्कीने ती घातली. रशियन आणि पॅरिसच्या प्रयोगांत डोक्यावर घडा घेऊन एक मुलगी नाचते. त्या नाचाचे नाव 'मनू'. मनूला हे कळले असते तर त्याने काय केले असते, कोण जाणे.

हे सगळे मी आधी तबकडीवर पाहिले होते आणि भरपूर हसलो होतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये लंडनला भाचीकडे गेलो असताना रॉयल बॅलेचा हाच प्रयोग कॉव्हेंट गार्डनला लागला होता. तिकिटे मिळाली ती अगदी वरची, छताला डोके लागेल अशी. शेजारच्या खुर्चीत एक वयस्क इंग्रज बाई होत्या. मी हळहळलो तर त्या म्हणाल्या, 'बायादेर' वरूनच पाहायचे असते, खालच्या महागड्या खुर्चीवाल्यांना रांगा दिसत नाहीत. मग मध्यंतरात त्या आणि त्यांची मैत्रीण सुरू झाल्या. कुणाचा सावल्यांचा प्रवेश चांगला, पॅरिसचा की पीटर्सबर्गचा. वाद्यवृंद लय किती संथ ठेवतो. मध्येच टाळ्या वाजवणाऱ्यांना बाहेर काढावे की नाही. मी मुशायऱ्यात वाढलेला माणूस. आमच्याकडे दाद मध्येच द्यायची असते, शेर संपायच्या आत 'मुकर्रर' आले पाहिजे. पण त्या प्रवेशात माझाही हात उठला नाही.

तो प्रवेश सांगायलाच हवा. निकिया मेल्यानंतर सोलोर अफूच्या धुंदीत पडतो आणि त्याला मृत नर्तिकांच्या सावल्या दिसतात. अंधारात मागच्या बाजूला एक उतार. त्यावर पांढऱ्या पोशाखातली एकच नर्तिका येते. एका पायावर तोलून दुसरा पाय मागे लांबवते, मग मागे झुकते, दोन पावले पुढे येते. तिच्या मागे दुसरी, तेच करत. मग तिसरी. उतार वळतो, रांग वळते. कुठे २४ जणी असतात, कुठे ३२. १९०० साली पेतिपाने ४८ उतरवल्या होत्या. जी पहिली येते तिला तीच हालचाल तीस-चाळीस वेळा करावी लागते, आणि शेवटची उतरेपर्यंत तिचा पाय थरथरून चालत नाही. गोष्ट पुढे सरकत नाही, कुणी काही करत नाही. एकच मिसरा कुणीतरी परत परत म्हणावा आणि प्रत्येक वेळी तो थोडा जास्त खरा वाटावा, तसे काहीसे होते. (त्या पायाच्या स्थितीचे नाव 'अराबेस्क', म्हणजे अरबी वळणाची नक्षी. मला गंमत वाटली.) दोन हजारांवर माणसे बसली होती आणि खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता.

पण त्याच्या आधी, पहिल्या अंकात, फकीर उड्या मारत असताना भाचीने कानाशी लागून विचारले होते, "मामू, हे आपल्याला हसतायत का?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. माझे अब्बा शिंपी. गावच्या नाटकमंडळींचे कपडे तेच शिवायचे. ऐतिहासिक नाटक असले की खानाचा झगा हिरव्या साटीनचा, त्याला पिवळी जर, कमरेला हातभर पट्टा. मी एकदा विचारले, असा झगा आपल्यात कोण घालतो? अब्बा मशीन न थांबवता म्हणाले, "खान लांबून खान दिसायला पाहिजे. मंडळींनी असाच सांगितलाय." प्रयोगाच्या रात्री आम्ही पुढच्या रांगेत. खान पडला की टाळ्या पडायच्या, अब्बाही वाजवायचे. बारकाईने बघायचे ते मात्र शिवण उसवली का एवढेच. पुढे सिनेमात, मालिकांत तोच माणूस चौकड्याची लुंगी नेसून, डोळ्यांत सुरमा घालून, मोडक्या मराठीत 'अल्ला कसम' म्हणताना भेटत राहिला. माझ्या घरात तसे बोलणारे कुणी नाही. तेव्हा आपल्या नावाचा झगा दुसऱ्याच्या अंगावर बघत बसायची मला सवय आहे. भाचीला मी म्हटले, "हसत नाहीत गं, त्यांना आपण दिसतच नाही." आणि हसण्यापेक्षा ते बरे की वाईट, यावर आम्ही घरी जाईपर्यंत वाद घातला.

बॅलेच्या दर्दींमध्येही हा वाद सध्या जोरात आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेची कृष्णवर्णीय नर्तिका मिस्टी कोपलंड हिने, मॉस्कोत याच बॅलेसाठी चेहरे काळे रंगवलेल्या दोन मुलींचे छायाचित्र जाहीर केले आणि जाब विचारला. बोल्शोईच्या संचालकांनी वादात पडायलाच नकार दिला. उलट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात हिंदुस्थान पूर्ण काढून टाकून तीच कथा जुन्या हॉलिवुडमध्ये, काउबॉयांच्या चित्रपटांच्या दुनियेत नेली. पावले मात्र बरीचशी जुनीच. चेहरे रंगवणे बंद झालेच पाहिजे, त्यात बोलण्यासारखे काही नाही. काउबॉयची युक्ती चतुर आहे, पण माझे मन तिथे रमत नाही. कारण या खोट्या हिंदुस्थानच्या पोटात एक खरी गोष्ट अडकलेली आहे. देवाच्या नावाने वाहिलेली मुलगी, तिच्यावर हक्क सांगणारा पुजारी, आणि राजाचे घर दिसताच शपथ विसरणारा मर्द. देवदासी वाहण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा करावा लागला, तो काही पेतिपाच्या कल्पनेसाठी नव्हे.

म्हणून मला खरा प्रश्न शेवटाचा वाटतो. १८७७ च्या प्रयोगात सावल्यांनंतर आणखी एक अंक होता. सोलोर आणि गमझात्ती यांचे लग्न लागत असताना देव कोपतात, देऊळ कोसळते, सगळे गाडले जातात. सोव्हिएत काळात हा अंक गळाला. लेनिनग्राडची १९४१ ची आवृत्ती सावल्यांवरच संपते. रुडॉल्फ नुरेयेवने १९९२ मध्ये पॅरिसला मृत्यूच्या तीन महिने आधी हा बॅले उभा केला, तोही तिथेच थांबतो. नुरेयेव तातार मुसलमान घरातला. १९६१ मध्ये पॅरिसकरांनी त्याला पहिल्यांदा पाहिले ते सोलोरच्याच भूमिकेत. त्याच्याविषयी मला विशेष ओढ आहे, पण या बाबतीत मी नतालिया माकारोवाच्या बाजूचा. तिने १९८० साली न्यूयॉर्कमध्ये तो अंक पुन्हा बांधला, आणि लंडनचा प्रयोग तिचाच. पुष्कळ दर्दींना तो नको असतो. सावल्यांनंतर पुन्हा राजवाडा आणि लग्न कशाला, मोहिनी उतरते, असे ते म्हणतात. उतरते खरी. पण सावल्यांवर पडदा पाडला की दगा देणाऱ्याला अफूच्या स्वप्नात माफी मिळते, राजकन्या सुखरूप राहते आणि सापाची परडी कुणी पाठवली हे विचारायला कुणी उरत नाही. चाळीस मिनिटांचे सौंदर्य देऊन निकियाचा खटला बंद केल्यासारखे होते.

लंडनला देऊळ पडले तेव्हा धूर निघाला, खांब हलले, वरून काही गोळे आले. मग निकियाची सावली पांढरा शेला धरून सोलोरला घेऊन गेली. शेजारच्या बाई कोट घालता घालता कुरकुरल्या, की दगड फारच थोडे पडले, पूर्वी जास्त पडायचे. भाची म्हणाली, "मला तर अजून पाहिजे होते."