शिदोरी गडावरची
(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधोपचार हा आमच्या डॉक्टरांचा प्रांत. मला कळतो तो हिशेब. आजचा विषयही हिशेबाचाच आहे. सहलीत मुलांनी काय खावे?

कोल्हापूरहून सुमारे 20 किलोमीटरवर असलेला पन्हाळा हे आपले सुटीचे हक्काचे ठिकाण. तीन दरवाजा, सज्जा कोठी पाहता पाहता दुपार टळते, मुले भुकेने कासावीस होतात आणि टपरीवर टांगलेल्या वेफर्सच्या पाकिटाकडे व थंड पेयाच्या बाटलीकडे बोट दाखवितात. भुकेल्या मुलाशी वाद घालून उपयोग नसतो. म्हणून भूक लागण्यापूर्वीच खाण्याची तजवीज असावी, हेच माझे मुख्य सांगणे.

पाकिटामागील तक्ता हा त्या पदार्थाचा ताळेबंद होय. 100 मिलिलिटरमागे 10 ग्रॅम साखर लिहिली असेल, तर 250 मिलिलिटरच्या बाटलीत ती 25 ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शनानुसार अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांहून कमी असावी. दिवसाला 1,400 कॅलरी लागणाऱ्या बालकासाठी ही मर्यादा 35 ग्रॅम भरते. म्हणजे एका बाटलीतच दिवसाच्या वाट्यातील बहुतांश साखर खर्ची पडते!

याला पर्याय गडावरच आहेत. भाजलेले कणीस, झुणका-भाकर, दही ही तेथील न्याहारी पाकिटांहून कितीतरी सरस. कांदाभजीचा मोह झालाच, तर एक प्लेट सर्वांनी वाटून घ्यावी. मात्र ती छापील वर्तमानपत्राच्या कागदावर घेऊ नये. त्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात, असा इशारा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2023 मध्ये दिला आहे. घरून पिण्याचे पाणी, केळी, पेरू, दशम्या आणि शेंगदाण्याचा लाडू न्यावा.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. चार-पाच वर्षांखालील बालकांना अख्खे शेंगदाणे वा फुटाणे देऊ नयेत; ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. दाण्याचे बारीक कूट करूनच द्यावे. घाटातील वळणांवर, धावत्या गाडीत तर मुलांना काहीच खाऊ देऊ नये. गाडी थांबवावी, मुलांना बसवून खाऊ घालावे.

पन्हाळ्यावरील अंबरखान्याची भव्य धान्यकोठारे मुलांना जरूर दाखवा. 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा कित्येक महिने चालला. अशा प्रसंगी गड तग धरतो तो आधी भरून ठेवलेल्या धान्यावर. आपल्या सहलीलाही हाच नियम लागू आहे.

देणगीदारहो, आपल्या औदार्यामुळे येथे उपचार होतात. परंतु आजार टाळणाऱ्या सवयी लावणे हे घराघरांतील पालकांच्याच हाती आहे. मुलांना आनंदाच्या दिवशी जे खायला मिळते, त्याची गोडी त्यांच्या मनात दीर्घकाळ राहते. ती गोडी कणसाची आणि भाकरीची असावी, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.