मोडांची राखण



आमचे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे सारे कामगारांच्या पंगतीत झाले, आणि पुष्कळसे चुकूनच. त्यातलीच एक चूक आज सांगतो.

सिपना नदीकाठी सेमाडोहला आम्ही जंगलमजुरांचे शिबिर भरविले होते. मटकी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले आणि ओळखीच्या एका घरी फ्रीजमध्ये ठेवली. रात्री वीज गेली ती पहाटे आली. सकाळी मटकी हाताला गार लागली, वासही बरा होता. कांदा-लिंबू घालून आम्ही ती कच्चीच वाढली. संध्याकाळपर्यंत अकरा जणांना उलट्या-जुलाब! त्यांचा बुडालेला रोज संघटनेने भरून दिला. विश्वास काही तसा भरून देता येत नाही.

विजेला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. पण मागून वाचले तेव्हा कळले की, मोडाला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या रोगाने पन्नासांहून अधिक माणसे दगावली. तिथे फ्रीज काय कमी होते? थंडी जंतूंना मारीत नाही, फक्त त्यांची वाढ मंदावते. लिस्टेरिया नावाचा जंतू तर थंडीतही वाढतो. आणि वास चांगला म्हणजे अन्न चांगले, हा आपला भ्रम आहे.

तेव्हा करावे काय? मोड स्वच्छ पाण्याने धुवावेत, पाणी पुरते निथळावे, आणि स्वच्छ झाकणाच्या डब्यात कच्च्या मांस-मासळीपासून दूर, चार अंशांच्या आत ठेवावेत. दोन-तीन दिवसांत संपवावेत. वीज चार तासांहून अधिक गेली, किंवा मोड बुळबुळीत झाले, तर हळहळ न करता टाकून द्यावेत. आणि खाण्यापूर्वी नीट शिजवावेत. मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना तर कच्चे देऊच नयेत.

कोणी म्हणेल, शिजवल्याने सत्त्व जाते. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेले ‘क’ जीवनसत्त्व मोडात तयार होते आणि आचेने त्यातले काही जाते, हे खरे. म्हणून पाणी बेताचे घालावे, झाकण ठेवावे, ते पाणी फेकू नये, आणि उसळ उतरवल्यावर वरून लिंबू पिळावे. प्रथिने कुठेही जात नाहीत.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही, त्यांनी लागेल तेवढेच भिजवावे. मजुराच्या घरी ही रीत पूर्वीपासून आहे. आम्ही पुढारी मात्र ती विसरलो होतो.