अक्कलदाढ काढल्यावर चूळ केव्हा भरावी?
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या सभेत केलेले भाषण)



तिळगुळाच्या दिवशी हिने दाताचे दुखणे काय काढले, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. पण रिसोड-मालेगावपासून मानोऱ्यापर्यंतच्या ज्या बायका माझ्याकडे दाढ दाखवावयास येतात, त्यांतल्या पुष्कळजणींचे उत्तर ठरलेले असते, "सोयाबीन सोंगून झाले की काढू." सोयाबीन होते, मग तूर येते, मग हरभरा. घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्याला वेळ मिळतो. आपल्या दुखण्याला तेवढा मिळत नाही. शेवटी गाल सुजतो, तोंड उघडेनासे होते, तेव्हा आपण दवाखान्यात जातो, आणि दाढ काढून आल्याबरोबर पुन्हा चुलीपुढे उभ्या राहतो. खरी अडचण तेथूनच सुरू होते.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा नसली की ती तिरपी किंवा आडवी अडकते. प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असे नाही. ते डॉक्टर तपासून, एक्स-रे पाहून ठरवतात. मी आज सांगणार आहे ते दाढ काढल्यानंतरचे.

हाताला कापले तर वर खपली धरते. दाढेच्या खड्ड्यात तसेच रक्त थिजून त्याची गुठळी बनते. ती घाण नव्हे. खालचे हाड आणि शिरा यांवरचे ते पांघरूण आहे, आणि तिच्याच आधाराने नवे मांस भरून येते. आपल्याकडे मात्र जेवण झाले की खळखळून चूळ भरायची, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले. एरवी ही सवय फार चांगली. पण दाढ काढलेल्या दिवशी तोंडाला रक्ताची चव लागते म्हणून आपण जोराने चूळ भरतो, थुंकतो, आणि ती गुठळीच बाहेर टाकून देतो.

म्हणून पहिले २४ तास चूळ नाही, गुळणी नाही, थुंकणे नाही. डॉक्टरांनी दिलेली कापडाची घडी अर्धा ते पाऊण तास दाबून धरावी. सारखी काढून पाहू नये. लाळ लालसर दिसली तरी घाबरू नये. ती गिळावी, नाही तर मान वाकवून नुसती वाहू द्यावी. पाणी पेल्याने प्यावे, नळीने ओढून नव्हे. ओठाचा बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ नये, कारण ओठ चावला गेला तरी कळत नाही. त्या दिवशी कढत चहाही नको. थंड ताक, गार झालेला मऊ भात, पातळ खिचडी चालेल. आणि आजचा तिळगूळ, चिवडा, शेंगदाणे आठवडाभर दूर ठेवावे, कारण तिळाचा एक दाणा खड्ड्यात बसला तरी त्रास देतो.

दुसऱ्या दिवसापासून मात्र गुळण्यांचा कंटाळा करू नये. पाणी उकळून कोमट करावे, पेलाभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालावे. आपल्या आयुर्वेदात औषध तोंडात नुसते धरून ठेवणे याला गंडूष म्हणतात आणि ते तोंडात फिरवणे याला कवल. येथे गंडूषच बरा. घोट तोंडात धरावा, मान हळूच या बाजूला, त्या बाजूला कलती करावी आणि पाणी आपोआप पडू द्यावे. प्रत्येक खाण्यानंतर आणि निजताना, असे दिवसातून चार-पाच वेळा, आठवडाभर. बाकीचे दात मऊ ब्रशने घासावेत. डॉक्टरांनी क्लोरहेक्झिडीनचे औषध दिले असेल तर ते पेस्टने दात घासल्यावर अर्ध्या तासाने घ्यावे, आणि सांगितल्यापेक्षा जास्त दिवस घेऊ नये, कारण दातांवर तपकिरी डाग पडतात.

गुठळी निघून गेली तर काय होते? दोन ते चार दिवसांनी, दुखणे कमी व्हायचे त्या वेळी, एकाएकी वाढते. कानापर्यंत ठणका जातो, तोंडाला घाण वास येतो. याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात. क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्याने १८९६ साली हे नाव दिले. खालच्या अक्कलदाढेला हे विशेष होते. अशा वेळी लवंग ठेचून भरणे, तंबाखू दाबून धरणे, वेदनेची गोळी हिरडीवर ठेवणे, यांतले काहीही करू नये. डॉक्टर खड्डा धुऊन औषध भरतात आणि आराम पडतो.

मिसरीविषयी थोडे स्पष्ट बोलते. ती तंबाखूच आहे. जखमेवर ती चोळणे म्हणजे विषच चोळणे. आठवडाभर सुटली आहे, तर कायमचीच सोडावी.

वरची दाढ काढली की नजर जाते, असे सासूबाई सांगतात. दाढेच्या शिरेचा नजरेशी संबंध नाही. ती भीती सोडा. काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टींची. साखरेचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण, अंगावर पिणारे मूल, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. उपाशी पोटी जाऊ नये. त्या दिवशीचा उपवास राहिला तरी देव रागावत नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, ती मग उतरते. पण ताप आला, गिळता येईना, रक्त थांबेना किंवा सूज वाढतच राहिली, तर उद्यावर न टाकता दवाखाना गाठावा.

शेवटची विनंती घरातल्या इतर बायकांना. सून किंवा जाऊ दाढ काढून आली, तर दोन दिवस तिला भाकरी थापायला आणि पाण्याचे हंडे उचलायला लावू नका. ती स्वतः मागणार नाही; आपणच तिच्या हातातला हंडा घ्यावा.