रस्त्यावर निजणारा मनुष्य आणि गावाचा कायदा
(महोत्सवाच्या पूर्वतयारीसाठी भरलेल्या मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



वर्गणी, मंडप व भोजन यांची चर्चा आटोपली आहे. आता समितीकडे आलेल्या एका सूचनेसंबंधी आम्हास चार शब्द बोलावयाचे आहेत. आपल्या आवाराच्या भिंतीलगत, रस्त्याच्या कडेस, रात्री काही माणसे निजतात. महोत्सवास दूरदूरचे पाहुणे येणार, भिंतीस नवा रंग दिलेला, तेव्हा त्या माणसांना तेथून उठवावे म्हणून ग्रामपंचायतीस अर्ज करावा, अशी ती सूचना आहे. ज्यांनी ती केली ते सज्जन आहेत. पहाटे मिस्सेस येणाऱ्या स्त्रियांना तेथील घाणीतून वाट काढावी लागते, हे त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे. परंतु अर्ज एकदा हातातून सुटला म्हणजे तो कोठे जातो व काय करितो, हे सही करण्यापूर्वी नीट पाहून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

प्रथम कायदा पाहू. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या 53 व्या कलमान्वये सार्वजनिक रस्ता किंवा मोकळी जागा यांवरील अडथळे व अतिक्रमणे काढून टाकण्याचा अधिकार पंचायतीस आहे. नगरपरिषदांस त्यांच्या 1965 च्या कायद्याने तसाच अधिकार दिला आहे. आणि मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या कायद्यातील 314 वे कलम तर नोटीस दिल्यावाचूनही अडथळा हटविण्याची मुभा देते. रस्ता सर्वांचा आहे व तो मोकळा असावा, याविषयी आमचा वाद नाही. आंधळ्याला, गाडीवानाला, शाळेच्या मुलाला वाट हवीच. पण ही कलमे वाचली म्हणजे दिसून येते की, त्यांचे सारे लक्ष बांबू, पत्रा, हातगाडी, ओटा यांवर आहे. उचललेली वस्तू ट्रॅक्टरात घातली की पंचायतीच्या आवारात जाऊन पडते. तिच्या आडोशास जो निजला होता, त्याने कोठे जाऊन पडावे?

हा प्रश्न मुंबईत 1981 साली उभा राहिला. त्या वर्षी 13 जुलै रोजी, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथांवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचे जाहीर केले. त्यानंतर झोपड्या मोडल्या गेल्या. सालेमहून आलेल्या एका मजुराला गाडीत बसवून सालेमकडे रवाना करण्यात आले. तो कामाच्या शोधात पुन्हा मुंबईस आला व पुन्हा पदपथावरच राहिला. न्यायालयात गेलेल्यांत एक आपल्याच प्रांतातला, संगमनेरचा चर्मकार होता. गावी त्याला दिवसास 7-8 रुपये मिळत. राहते घर कोसळले, म्हणून तो मुंबईस येऊन महिना 350 रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीतील पदपथावर जागा मिळावी म्हणून त्याने तेथल्या एका गुंडास 300 रुपये मोजले, आणि बांबू व प्लास्टिकचे कापड यांस आणखी 700 रुपये पडले. हे आकडे आम्ही मुद्दाम सांगतो. रस्त्यावरची जागा फुकटची असते असा आपला समज आहे. या मनुष्याने तिच्यासाठी जवळजवळ तीन महिन्यांचा पगार ओतला होता.

10 जुलै 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी त्या प्रकरणाचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड हे त्यांत प्रमुख होते, आणि अर्जदार पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने तो निकाल ओळखला जातो. जगण्याच्या अधिकारात उपजीविकेचा अधिकार येतो, असे न्यायालयाने मानले. पदपथ अडविण्याचा हक्क कोणास नाही, हेही सांगितले. 314 वे कलम वैध ठरविले, पण नोटीस न देणे हा अपवाद आहे, एरवी ज्याला उठवावयाचे त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे बजावले. पावसाळा संपून 31 ऑक्टोबर उजाडेपर्यंत कोणास हलवू नये, आणि 1976 च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, असाही आदेश झाला. गरिबांच्या पदरी शब्द पुष्कळ पडले व जागा थोडी पडली, असे आमचे मत आहे. तथापि ‘आधी ऐका’ हा शब्द लहान नाही.

दुसरा कायदा 1959 चा, भीक मागण्यास प्रतिबंध करणारा. त्यात हात पसरणाराच काय तो भिकारी, असे नाही. ज्याला उपजीविकेचे दृश्य साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत वावरतो की भिकेवर जगत असावा असे वाटावे, तोही भिकारीच. दिवसभर मोलमजुरी करून रात्री भिंतीशी निजणारा मळक्या कपड्यांचा मनुष्य या व्याख्येत सहज सापडतो. त्याला वॉरंटावाचून पकडता येते. पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे, व वारंवार दोषी ठरल्यास दहा वर्षांपर्यंत कोंडून ठेवता येते. दिल्लीस लागू केलेल्या याच कायद्याची भीक मागणे गुन्हा ठरविणारी कलमे तेथील उच्च न्यायालयाने 8 ऑगस्ट 2018 रोजी घटनाबाह्य ठरविली. पण तो निकाल दिल्लीचा, महाराष्ट्राचा नव्हे. आणि फार दूर कशास जा? 2023 च्या मार्चात नागपुरास परदेशी पाहुण्यांची परिषद भरावयाची होती, तेव्हा पोलीस आयुक्तांनी 144 व्या कलमाखाली हुकूम काढून चौकाचौकांतून भिकाऱ्यांस मनाई केली. पाहुणे येणार म्हणून उठवावे, ही आपली सूचना त्याच घराण्यातली नव्हे काय?

आता बोरगावचे पाहू. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली शहरांतून दर लाख लोकवस्तीमागे एक रात्रनिवारा असावा असे म्हटले, आणि 2013 साली सुरू झालेल्या नागरी उपजीविका अभियानात तेच माप घेतले गेले. 2011 च्या जनगणनेत वर्धा शहराची वस्ती 1,06,444 भरली, म्हणजे मापाप्रमाणे निवारा एक. पण बोरगाव मेघे त्या आकड्यात नाही. त्याच जनगणनेत आपले गाव नगर म्हणून मोजले गेले, परंतु कारभार ग्रामपंचायतीचा. आणि निवाऱ्याची योजना नागरी संस्थांपुरती होती. म्हणजे मोजताना आपण शहर, उठविताना पंचायत, आणि निवारा देताना खेडे! वर्ध्यातून उठविलेला मनुष्य नाल्यापलीकडे आपल्याकडे येतो. आपण उठविला म्हणजे तो सावंगीच्या किंवा नालवाडीच्या रस्त्याने जाईल, व तेथलेही कोणी अर्ज लिहावयास बसतील. 2011 सालीच 28 फेब्रुवारीच्या रात्री गणनेच्या नोकरांनी रस्त्यांवर फिरून देशात 17 लाखांहून अधिक बेघर मोजले, त्यांत महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक होते. त्यांना शोधीत सरकारी मनुष्य कागद घेऊन येतो, ती अशी एखादीच रात्र.

या विदर्भात गाडगेबाबांचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. त्यांच्या नावाने 2000 साली ग्रामस्वच्छतेचे अभियान निघाले व गावोगावच्या पंचायतींनी बक्षिसांसाठी रस्ते झाडले, हे चांगलेच झाले. पण बाबांच्या एका हाती खराटा होता, तसे दुसरे कार्यही होते: पंढरपुरास, नाशकास त्यांनी धर्मशाळा उभारल्या, त्या ज्यांना कोणी ओसरीवर येऊ देत नसे त्यांच्यासाठी. तीच गोष्ट आपल्या वर्ध्याची. 1936 साली मनोहरजी दिवाण यांनी दत्तपुरास कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली, तेव्हा लोक ज्यांना वेशीबाहेर घालवीत त्यांना प्रथम ठिकाण दिले गेले. पंचायतींनी खराटा उचलला आणि धर्मशाळा तेवढी राहून गेली.

घाणीविषयी थोडेसे. ती होते, कारण रात्री त्या रस्त्यावर एकही शौचकूप उघडे नसते. आपल्या सभागृहामागचे शौचकूप आठ वाजता कुलूपबंद होते. ते उघडे ठेवावे व बाहेर एक नळ काढावा. खर्च मंडपाच्या झालरीहून कमी येईल, हे खजिनदारांनी हिशेब करून सांगितले आहे. महोत्सवाचे तीन दिवस व पुढील पावसाळा संपेपर्यंत सभागृहाची पडवी रात्री मोकळी ठेवावी, असेही आम्ही समितीस सुचवितो. पहारा कोणी करावयाचा, हा प्रश्न अवघड आहे. त्यावर तरुण मंडळींनी बोलावे.

अर्जही करावा, मात्र निराळा. पंचायतीने त्या माणसांकडे जाऊन ती कोण, कोठली, काय काम करितात हे विचारावे. त्यांत आजारी, म्हातारे व लेकुरवाळ्या किती, हे लिहून घ्यावे. आणि वर्ध्याच्या नगरपरिषदेशी बोलून निवाऱ्याची जागा ठरेपर्यंत कोणासही उठवू नये, असे आम्ही त्यात लिहिले आहे. मसुदा मेजावर ठेवला आहे. पहिली सही आमची आहे. दुसऱ्या सहीची जागा, ज्यांनी मूळ सूचना केली त्यांच्यासाठी कोरी ठेविली आहे.