कुंपणाचे बी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



कुंपण हा काय भाषणाचा विषय आहे, असे काहींच्या मनात आले असेल. पण आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला आलेली जमीन कशी आहे ते आठवा. कुठे गायरानातला तुकडा, कुठे ओढ्याकाठची पट्टी, कुठे गुरांच्या वाटेवरचा एखादा एकर. अशा जमिनीतले उभे पीक मोकाट जनावरे एका रात्रीत फस्त करतात आणि बियाण्यासाठी काढलेले कर्ज मात्र तसेच राहते. सिमेंटचे खांब आणि तार परवडत नाही. म्हणून दर वर्षी बोराटी तोडायची, डोक्यावर वाहून आणायची आणि बांधावर रचायची. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिला वाळवी लागते. जी उरते ती कोणाच्या तरी चुलीत जाते. हे काम बहुतेक घरांत बायका आणि मुले करतात, त्यामुळे त्याची मजुरी कोणी हिशेबात धरत नाही.

वाळक्या कुंपणाचा हिशेब एकदा सरकारनेही करून पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकात करचुकवे मीठ अडवण्यासाठी इंग्रज सरकारने सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली होती. आपल्या खानदेशाजवळच्या बुऱ्हाणपूरवरून ती जात असे. या रेषेवर आधी काट्या रचून केलेले कुंपण होते. १८६७ ते १८७० या काळात जकात खात्याचे आयुक्त होते ॲलन ह्यूम. १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. त्यांच्या अंदाजाप्रमाणे मैलभर वाळक्या कुंपणाला सुमारे २५० टन काट्या लागत आणि त्यातल्या निम्म्यापर्यंत दर वर्षी बदलाव्या लागत. म्हणून त्यांनी जिवंत कुंपणावर भर दिला. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग अशी ज्या त्या जमिनीत टिकणारी काटेरी झाडे लावली गेली आणि चांगल्या जमिनीत ती दहा फुटांच्याही वर गेली. १८७९ साली ही रेषा मोडीत निघाली. गरिबाच्या ताटातले मीठ महाग करायला वापरलेली ही विद्या होती. हेतू वाईट, पण झाडांची निवड उत्तम. ती आपल्या शेतासाठी घ्यायला काहीच हरकत नाही.

आता आपला हिशेब. एक एकर चौकोनी शेताचा घेर सुमारे ८३५ फूट भरतो. कुंपण दाट हवे तर झाडांच्या दोन ओळी हव्यात आणि ओळीत फुटाफुटावर झाड हवे. म्हणजे साधारण १,६७० रोपे झाली. एवढी रोपे विकत घेणे आपल्याला जमणारे नाही. बी मात्र रानात फुकट पडलेले असते. शिवाय जागेवर बी टोकून उगवलेल्या झाडाचे सोटमूळ सरळ खाली जाते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात झाड तगते ते याच मुळावर. निरगुडी फांदीने लागते, तिला शेळी तोंड लावत नाही, तीही अधूनमधून लावा. पण तिला काटा नाही.

प्रत्येक बियाचा स्वभाव वेगळा असतो आणि तो न ओळखल्यामुळेच ‘बी उगवत नाही’ अशी तक्रार होते. बाभळीचे घ्या. हे बी वर्षभर ठेवले तरी चालते, पण कवच इतके टणक की पाणी आत शिरत नाही. यावर जुना उपाय शेळ्यांच्या वाड्यात आहे. उन्हाळ्यात शेळ्या बाभळीच्या शेंगा आवडीने खातात. रवंथ करताना पुष्कळसे बी त्या टाकून देतात, काही लेंड्यांतून पडते. वाडा झाडताना मिळणारे हे बी लवकर रुजते. वाडा जवळ नसेल तर पाणी उकळावे, भांडे चुलीवरून खाली उतरवावे आणि मग त्यात बी टाकून रात्रभर ठेवावे. चुलीवर ठेवून बी शिजवू नये. सकाळी फुगलेले बी लगेच पेरावे.

सागरगोट्याचे कवच त्याहून कठीण. समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागून रुजणारे हे बी आहे. सागरगोटा दगडावर खसाखसा घासून शेजारच्या मुलाला चटका द्यायचा खेळ इथल्या पुष्कळांना आठवत असेल. पेरणीपूर्वी नेमके तेवढेच करायचे आहे: देठाच्या खुणेच्या विरुद्ध बाजूने घासायचे, आतला फिकट रंग दिसला की थांबायचे आणि रात्रभर भिजत घालायचे. मात्र सागरगोटा ही आधार मागणारी वेल आहे. शेवटची म्हणून जी बोराटी रचाल तिच्या बुंध्याशी तीन-तीन फुटांवर हे बी टोका. बोराटी कुजेपर्यंत वेल तिच्यावर पसरलेली असते.

करवंदाची गोष्ट अगदी उलटी आहे. त्याचे बी थोड्याच दिवसांत मरते. डबीत घालून पुढच्या वर्षासाठी ठेवले तर हाती काही लागत नाही. मे-जूनमध्ये पिकलेली करवंदे खाऊन झाली की बी धुवावे, सावलीत सुकवावे आणि त्याच आठवड्यात पिशव्यांत लावावे. वाढ सुरुवातीला फार सावकाश असते, म्हणून वर्षभर पिशवीत सांभाळून पुढच्या जूनमध्ये जमिनीत लावलेले बरे. काटा जोडीने येतो, पानात चीक असतो, त्यामुळे गुरे त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. कोकणात आणि घाटमाथ्यावर याच्यासारखे दुसरे कुंपण नाही. देशावरच्या कोरड्या जमिनीत मात्र बाभूळ आणि बोर बरी.

झटपट वाढते म्हणून वेडी बाभूळ कोणी सुचवेल. तिच्या वाटेला जाऊ नये. गुरे तिच्या शेंगा खाऊन बी सगळीकडे पसरवतात आणि मग पडीक रान तिचेच होते. घाणेरीही अशीच शोभेसाठी बाहेरून आणलेली. पण आपल्या झाडांचेही परक्या मुलखात तसेच होते. आपल्याकडची चिल्लार कुंपणासाठी दक्षिण आफ्रिकेत नेली आणि तिथे ती आज उपद्रवी तण ठरली आहे. म्हणून झाड त्याच्या मुलखात लावावे, एवढाच माझा आग्रह आहे.

लागवडीचे थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात फूटभर खोल चर खणावा आणि त्यात पूर्ण कुजलेले शेणखत घालावे. कच्च्या खताने वाळवी येते. पहिला चांगला पाऊस झाला की एका जागी दोन-तीन बिया टोकाव्यात आणि जोमाचे एकच रोप ठेवावे. दोन ओळींतली रोपे समोरासमोर न येता आडवी-तिडवी यावीत. पहिली दोन वर्षे बाहेरून काट्या लावाव्याच लागतील.

यानंतरचे काम लोकांच्या जिवावर येते. झाडे कमरेएवढी झाली की गुडघ्याखाली छाटायची. हौसेने वाढवलेले झाड कापायला हात धजत नाही, पण न कापल्यास ते वर फोफावते, खाली नुसती खोडे राहतात आणि शेळी आरामात आत शिरते. छाटले की बुंध्यापासून फांद्या फुटतात. पुढेही दर पावसाळ्यात छाटणी हवी, नाहीतर बाभळीची सावली पिकावर येते.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुटीत गावी जाल तेव्हा बी गोळा करा. पोखरलेले बी वेगळे काढा आणि प्रत्येक पुडीवर झाडाचे नाव, गाव व तारीख लिहा. करवंदाचे बी तेवढे आणू नका, ते गावीच लावा.

चर आखताना शेजाऱ्याला बोलवावे. हद्दीचा वाद असेल तर आधी मोजणी करून घ्यावी, चर बांधाच्या आपल्या बाजूला घ्यावा आणि फाटकाची व वहिवाटीची जागा बी टोकण्याआधीच सोडावी. बैलगाडी जाईल एवढी, म्हणजे दहा फूट तरी ती हवी.